मदत हवी आहे: शिंगराच्या मांडीवरची गाठ, हिमँजिओसार्कोमाची शंका

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्याजवळ मांजरी गावाला असतो. आमच्या दीड वर्षाच्या शिंगराच्या मागच्या मांडीवर गाठ आहे. लाथ लागून रक्त साकळलं असेल असंच सगळ्यांना वाटलं, पण ती ओसरेना. सुई घातली तर नुसतं रक्त. शेवटी डॉक्टरांनी तुकडा काढून पाठवला. अहवालात हिमँजिओसार्कोमाची शंका, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा कर्करोग. घोड्यांत हा दुर्मिळच, पण कोवळ्या वयातही होतो.

खात्रीसाठी सीडी-३१ ही खास रंगचाचणी हवी आहे. घोड्याच्या नमुन्यावर ती पुण्यात कोणी करून देतं का? गाठ एकाच जागी असेल तर भोवतीच्या निरोगी भागासकट कापून काढणं हाच खरा उपाय. फुप्फुसात पसरली असेल तर फार काही हाती राहत नाही. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि सोनोग्राफी करायची आहे. शिरवळच्या किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अशी शस्त्रक्रिया कोणी करून घेतली आहे का? रक्तस्रावाची फार धास्ती वाटते, त्याच्या हिरड्या आत्ताच फिकट दिसतात. रक्त द्यायला दुसरा घोडा तयार ठेवावा लागतो का?

पोर अजून चारा नीट खातंय. अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर कळवा.