मेडिकलच्या काउंटरवर एक वर्षाची रेसिडेन्सी: हवी की नको?

मूळ मांडणी: रामबागेतील एक दुकानदार फार्मासिस्ट, इंदूर

गेल्या महिन्यात दम्याच्या एक आजी आमच्या दुकानात आल्या. औषध चालू असूनही धाप कमी होत नाही, असे त्या सांगत होत्या. त्यांनी पिशवीतून रोटाकॅपची, म्हणजे यंत्रात घालून श्वासाबरोबर ओढायच्या कॅप्सूलची, डबी काढली आणि सगळा उलगडा झाला: तीन आठवडे त्या ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या, आणि औषध ओढायचे यंत्र घरी खोक्यातच पडून होते. जिथून त्यांनी ते घेतले होते तिथे बिल झाले, पिशवी मिळाली, पण यंत्र उघडून कोणी दाखवले नव्हते. मी माझ्याकडच्या नव्या मुलाला, जो डी. फार्म. (फार्मसीची पदविका) उत्तीर्ण आहे, आजींना ते समजावून द्यायला सांगितले. कॅप्सूल यंत्रात कुठून घालायची आणि ती फुटण्यासाठी कोणता भाग फिरवायचा, हे त्यालाच ठाऊक नव्हते.

त्या मुलाला दोष देणे मला जमत नाही. डी. फार्म.च्या दोन वर्षांनंतर किमान तीन महिन्यांत ५०० तासांचे प्रशिक्षण असते, पण मी पाहिले आहे की पुष्कळदा ते सही-शिक्क्यावर भागते. २००८ साली सुरू झालेल्या फार्म. डी. या सहा वर्षांच्या पदवीचे शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असले, तरी त्यातले सहा महिने मेडिसिन विभागात आणि उरलेले दोन-दोन महिने इतर तीन विभागांत जातात. म्हणजे सगळे शिक्षण रुग्णाच्या खाटेशी होते, काउंटरपाशी काहीच नाही. अमेरिकेत रुग्णालयाबाहेरच्या औषधदुकानांसाठी पदवीनंतरची एक वर्षाची स्वेच्छेची रेसिडेन्सी, म्हणजे अनुभवी फार्मासिस्टच्या हाताखाली काम करत शिकणे, असते. आपल्याकडे इंदूरचा औषधांचा दवा बाजार आणि सरकारी एमवाय रुग्णालयाच्या आसपासच्या पाच-सहा दुकानांनी मिळून तसे वर्ष का सुरू करू नये? सुरुवातीचे काही महिने चिठ्ठी वाचणे, एच-१ची (चिठ्ठीशिवाय देऊ नयेत अशा काही अँटिबायोटिक्ससारख्या औषधांच्या यादीची) नोंदवही आणि औषधांच्या परस्परक्रिया यांत जावेत. पुढे मधुमेह व रक्तदाबाच्या नेहमीच्या रुग्णांची जबाबदारी सोपवावी. आणि पकडलेल्या प्रत्येक चुकीची नोंद दरमहा एकत्र बसून तपासावी. मात्र या उपक्रमाचे नेतृत्व काउंटरवर उभ्या असलेल्या फार्मासिस्टकडेच असावे. कॉलेजने मूल्यमापन करावे, शिकवणे दुकानात व्हावे.

प्रतिसाद: सुदामानगरातील एक औषधविक्रेता

आपली तळमळ खरी आहे, तरीही माझा विरोध आहे. ज्या औषधांची किंमत सरकार ठरवते, त्यांचा कमाल दर ठरवताना किरकोळ विक्रेत्याला त्याच्या खरेदी दरावर १६ टक्के नफा धरलेला असतो. त्यातून भाडे, वीज आणि दोन माणसांचे पगार निघाल्यावर प्रशिक्षणार्थीचे मानधन कुठून आणावे? संध्याकाळी सात वाजता समोर पंधरा गिऱ्हाईके उभी असताना मी कुणाला काय शिकवणार? मला भीती वाटते ती वेगळीच आहे: हे वर्ष खोके फोडण्यात आणि मुदत संपलेला माल परत पाठवण्यात जाईल, आणि मालकाला स्वस्त माणूस मिळेल. औषध फार्मासिस्टनेच द्यावे हे १९४८च्या फार्मसी कायद्याच्या ४२व्या कलमात लिहिलेले आहे, आणि रुग्णाला समजावून सांगणे हे तर २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्येही आहे. तरी अनेक ठिकाणी सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेले असते आणि माणूस दुसऱ्याच गावी असतो. आधी सर्टिफिकेट भाड्याने देणे बंद होऊ द्या. जिथे फार्मासिस्टच हजर नाही, तिथे रेसिडेंट कुणाच्या हाताखाली शिकणार?

प्रतिसाद: फार्म. डी. झालेली एक तरुणी, सध्या इंदूरमध्येच नोकरीस

माझे म्हणणे या दोघांपेक्षा थोडे निराळे आहे. इंटर्नशिपमध्ये तोंड आतून पूर्ण सोललेला एक रुग्ण मी पाहिला. सांधेदुखीसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी तो रोज घेत होता. वॉर्डात आम्ही उपचार केले. चूक टाळण्याची जागा मात्र वॉर्ड नव्हती, गोळी हातात देणारा काउंटर होता. त्यामुळे प्रशिक्षण हवे, यात मला शंका नाही. पण नेतृत्व दुकानदाराकडे असावे हे मला पटत नाही. ज्याची मिळकत विक्रीवर आहे, तो चिठ्ठीशिवाय सेफिक्सिम हे अँटिबायोटिक मागणाऱ्याला नाही म्हणायला शिकवेल का? शिकाऊ माणूस मालक काय सांगतो ते ऐकत नाही, तो काय करतो ते पाहतो. शिवाय सहा वर्षे शिकून झाल्यावर आणखी एक वर्ष द्यायचे असेल, तर मानधन लेखी ठरलेले हवे आणि त्या वर्षाला नोकरीत काही किंमत हवी. नाहीतर घरची परिस्थिती बरी असलेलीच मुले येतील.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

सेफिक्सिमचा आक्षेप मला लागला, आणि तो बरोबर आहे. म्हणून मी माझ्या मांडणीत दुरुस्ती करतो: जे दुकान एच-१ची नोंदवही, जी कायद्याने तीन वर्षे जपावी लागते, बाहेरच्या अध्यापकाला दर तीन महिन्यांनी उघडून दाखवायला तयार असेल, त्यालाच रेसिडेंट मिळावा. चिठ्ठीशिवाय औषध गेल्याचे आढळले, तर त्या दुकानातून तो काढून घ्यावा. शिकवणे दुकानातच राहील, पण दुकानाची पात्रता दुकानदाराने ठरवायची नाही.

सुदामानगरच्या बंधूंनी संध्याकाळच्या गर्दीचे सांगितले ते मी रोज भोगतो. पण दुपारी दोन ते चार आपल्याकडे काउंटर जवळजवळ रिकामा असतो आणि आपण त्या वेळी डिस्ट्रिब्युटरची बिले जुळवत बसतो. त्यातला एक तास मी देऊ शकतो. खोके फोडण्याचे काम रेसिडेंटकडून दिवसाला अर्ध्या तासाहून अधिक करून घ्यायचे नाही, हे करारातच लिहावे. मानधन सहा दुकानांनी वाटून घेतले तर एकावर फार भार येणार नाही, असे मला वाटते. तरी आकडा ठरवण्याआधी आपण सगळ्यांनी आपापली हिशेबाची वही उघडून बसायला हवे. भाड्याच्या सर्टिफिकेटांचा प्रश्न सुटेपर्यंत थांबावे, हे मात्र मला मान्य नाही. ज्या दुकानांत फार्मासिस्ट खरोखर उभा असतो, ती आज आपल्याला माहीत आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल, आणि पहिला रेसिडेंट माझ्याकडे घ्यायची माझी तयारी आहे.