स्कॅनरची वायर काढली की प्रोग्राम लटकतो, लॉकचा घोळ आहे का?

अक्कलकोट_रोड:
एमआयडीसीतल्या टॉवेलच्या गोडाऊनसाठी लिनक्सवर सी मध्ये इनपुट डिव्हाइसची छोटी लायब्ररी लिहिलीय, बारकोड स्कॅनर कीबोर्डसारखाच दिसतो त्यामुळे इव्हेंट नीट येतात. पण वायर उपसली की कधी सगळं लटकतं, कधी सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लागून प्रोग्राम बंद पडतो). इव्हेंट वाचणारा रीडर थ्रेड म्युटेक्स (लॉक) धरूनच कॉलबॅक (इव्हेंट आला की चालणारं फंक्शन) बोलावतो आणि कॉलबॅकमधून डिव्हाइस काढायचं फंक्शन पुन्हा तोच म्युटेक्स मागतं. म्युटेक्स रिकर्सिव्ह करू का, म्हणजे तोच थ्रेड तो पुन्हा घेऊ शकेल?

जुळे_सोलापूर:
नका करू ओ. लटकणं थांबेल, पण कॉलबॅकमध्ये डिव्हाइस फ्री होतं (त्याची मेमरी सोडली जाते) आणि रीडर परत येऊन त्याच पॉइंटरला हात लावतो, म्हणजे सेगफॉल्ट तसाच राहणार. लॉक फक्त लिस्टपुरता धरा, रेफरन्स काउंट (डिव्हाइस किती जण वापरतायत तो आकडा) वाढवा, लॉक सोडा, मग कॉलबॅक, मग काउंट कमी, शून्य झाला की फ्री. फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या डिव्हाइसला सिस्टिमने दिलेला नंबर) पण तेव्हाच बंद करा, आधी केला तर तोच नंबर दुसऱ्या फाइलला मिळतो आणि थ्रेड भलतंच वाचत बसतो, असला बग शोधताना जीव जातो.

सात_रस्ता:
अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावा, फ्री कुठे झालं आणि नंतर कुठे वापरलं दोन्ही दाखवतो. थ्रेडमधल्या टकरी पकडणाऱ्या थ्रेड सॅनिटायझरला वेगळा बिल्ड लागतो, एकत्र चालत नाहीत. आणि रीडला ईनोडेव्ह (डिव्हाइस राहिलं नाही ही एरर) आला की ते डिव्हाइस ईपोलमधून (डेटा आलाय का ते बघणारी लिनक्सची सोय) लगेच काढा, नाहीतर लूप सीपीयू खात राहतो.

अक्कलकोट_रोड:
पटलं. काउंट वाढवताना लॉक हातात हवाच ना?

जुळे_सोलापूर:
हवाच. शोधणं आणि वाढवणं एकाच लॉकखाली, मधे सोडला तर तेवढ्यात दुसरा थ्रेड फ्री करून मोकळा होतो.