‘रिबाउंड वाढवा’चं मराठी: उसळी वाढवायची की आवरायची?

अनुस्वार
भाचा ट्रॅकवर चालवायची गाडी स्वतः बांधतो. यंदा त्याने तिच्यासाठी मापाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर करून घेतले. गाडीचं वजन, चारही चाकांवर पडणारा भार, टायर, स्प्रिंगचा कडकपणा असं सगळं आधी कळवलं, आणि त्या हिशोबाने आतली रचना करून आली. सोबत जाडजूड पुस्तिका. त्याच्या दोन मदतनिसांना मराठीच सोयीचं पडतं, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं.

पुस्तिकेत एक सल्ला आहे: ब्रेक लावताना गाडीची मागची बाजू झपाट्याने वर उठत असेल तर मागे ‘रिबाउंड तीन क्लिक वाढवा’. मी लिहिलं, ‘उसळी तीन खटके वाढवा’. मदतनिसाने ते वाचलं आणि मागच्या दोन्ही शॉकवरच्या गुंड्या सैल बाजूला तीन खटके फिरवल्या. त्याचं काहीच चुकलं नाही. उसळी वाढवायची तर शॉक मोकळाच करायला हवा. दुसऱ्या फेरीत भाचा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाडी दुरुस्तीच्या जागी, परत आला, म्हणाला, ब्रेकवर मागची चाकं जमिनीला टेकतच नाहीत असं वाटतंय.

घरी येऊन मूळ वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा उलगडलं. इंग्रजीने मधला शब्द गिळलाय. वाढवायचा असतो तो उसळीला होणारा विरोध, उसळी नव्हे. बोलताना ‘विरोध’ गळतो आणि नुसतं ‘रिबाउंड’ उरतं. त्यांच्या कानाला ते सवयीचं आहे, मराठीत मात्र अर्थ थेट उलटा होतो.

दोन प्रश्न आहेत. ‘उसळी’ ठेवावी की काढावी? आणि खुद्द शॉक अ‍ॅब्सॉर्बरला काय म्हणू? मी ‘धक्काशोषक’ लिहिलं होतं, त्यावरही भाच्याने लाल रेघ मारलीय.

परिभाषाप्रेमी
भाच्याची रेघ योग्य आहे. हे यंत्र धक्का शोषत नाही. धक्का घेते स्प्रिंग. ती दबते, ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते. तिला एकटी सोडली तर गाडी डोलत राहील. शॉकच्या नळीत दट्ट्या तेलातून सरकतो, बारीक वाटांतून जाताना तेलाला विरोध होतो, आणि डोलण्याची ऊर्जा उष्णतेत जाते. हे अवमंदन. भौतिकशास्त्रात अवमंदित दोलनं आपण शिकलोच आहोत. म्हणून ‘अवमंदक’. नेमका, निःसंदिग्ध शब्द आहे. मूळ इंग्रजी नावच चुकीचं असेल तर ती चूक आपण भाषांतरात का वाहायची? ब्रिटिश लोकसुद्धा ‘डॅम्पर’च म्हणतात.

रूढार्थ
निःसंदिग्ध आहे कारण कुणी वापरत नाही. वापरात न आलेल्या शब्दाला दुसरा अर्थ चिकटायला वेळच मिळालेला नसतो.

ज्याच्या हातात पाना आहे तो माणूस ‘शॉकअप’ म्हणतो. शॉकअप गेले, शॉकअपचं तेल सुटलं, शॉकअप बसले. हा शब्द आता इंग्रजीही राहिलेला नाही, इंग्रजाला तो कळणार नाही. चावी, पगार, बटाटा पोर्तुगिजांकडून आले तेव्हा आपण त्यांना मराठी करून घेतलं, तसंच हे. आणि ‘डॅम्पर’ तर मुळीच नको. मराठी कानाला तो ‘डंपर’ ऐकू येतो, आणि डंपर म्हणजे खडी ओतणारा ट्रक.

मूळधातू
डॅम्परबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण अशा चर्चेत ती हमखास येते. ‘डॅम्प’ आणि आपलं ‘दमन’ यांचा काही संबंध नाही. संस्कृत ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: दश–टेन, दन्त–टूथ. त्याच नियमाने ‘दम्’चा इंग्रजी भाऊ आहे ‘टेम’, म्हणजे माणसाळवणे. ‘डॅम्प’ जर्मन घराण्यातला, मूळ अर्थ वाफ. जर्मनमध्ये ‘डाम्फ’ म्हणजे आजही वाफच. वाफेने कोंडणे, कोंडून विझवणे, मग आवाज किंवा हालचाल दाबणे, असा त्याचा प्रवास.

मला मात्र फ्रेंच शब्द सगळ्यात आवडतो: ‘आमॉर्तिसर’. त्यात ‘मृत्यू’ आहे, आणि लॅटिन ‘मॉर्स’ व आपलं ‘मृत’ हे खरोखर एकाच धातूचे. हालचाल ‘मारणारा’. मराठीतही आपण भूक मारतो, चव मारतो, पारा मारतो. तेव्हा ‘हेलमार’ का नको? हेलकावे मारणारा तो हेलमार.

शेवटचं वळण
हेलमार झकास आहे! पण ‘हेलकावे मारणे’ म्हणजे मराठीत हेलकावे खाणेच होतं ना? चकरा मारणे, उड्या मारणे, गटांगळ्या... नाही, त्या खातात. पण घोटाळा तोच. अनुस्वार यांचा मदतनीस पुन्हा उलटी गुंडी फिरवेल.

खटका
शर्यतीच्या गाड्यांवर काम करतो. शॉक उघडून आतलं बदलणं हे माझं रोजचं काम. गुंडीच्या ‘क्लिक’ला तुम्ही खटका म्हटलंत ते बरोबर. बोटाला तो खटकाच लागतो.

आता मुद्दा. आम्ही स्प्रिंगला ‘कडक’ आणि ‘नरम’ म्हणतो, शॉकला ‘जड’ आणि ‘मोकळा’. कुलूप जड चालतं, खण जड सरकतो, तसा शॉक जड. यात फक्त शब्दांची आवड नाही. स्प्रिंगचा जोर ती किती दबलीय त्यावर ठरतो, गाडी उभी असली तरी. शॉकचा जोर दांडा किती वेगाने सरकतो त्यावर ठरतो. हलत नाही तोवर शॉकमध्ये विरोध नाही. दोघांना ‘कडक’ म्हटलं की पोरं स्प्रिंगचं दुखणं शॉकच्या गुंडीने बरं करायला बघतात आणि दिवस वाया जातो.

म्हणून मी तुमच्या जागी असं लिहीन: ‘मागचे शॉक सुटताना तीन खटके जड करा.’ चाक वर येतं तेव्हा शॉक दबतो, खाली जातं तेव्हा सुटतो. दबताना आणि सुटताना. रिबाउंड नाही, उसळी नाही, उलटं वाचायला जागाच नाही.

एक टीप पुस्तिकेत ठळक टाका. खटके पूर्ण बंद बाजूकडून मोजायचे, म्हणजे सगळ्यात जड टोकाकडून मागे. आणि त्या टोकाला गुंडी दाबून पिळायची नाही. आत सुई असते, तिची बैठक खराब होते.

अनुस्वार
खटका, ‘सुटताना जड’ वाचून हायसं वाटलं. क्रियापद आणलं की नामाचा पेच सुटतो, हे मला आधी सुचायला हवं होतं. पण ‘शॉक सुटला’ याचा अर्थ तो बोल्टमधून निसटला असाही होतो ना? सुरक्षिततेच्या पानावर ‘शॉक सुटला आहे का ते तपासा’ असं वाक्य आहे.

खटका
तिथे ‘निखळला’ लिहा.

परिभाषाप्रेमी
पिटमधलं बोलणं आणि छापील पुस्तिका यांत फरक नको का? ‘जड’ म्हणजे वजनदारही. ‘मागचे शॉक जड करा’ हे वाचून नवख्याला वाटेल की वजन वाढवायचंय. ‘प्रसरण-अवमंदन तीन खटक्यांनी वाढवा’ हे एकदा शिकलं की कायमचं शिकलं.

रूढार्थ
एकदा शिकायला कुणी थांबलं तर! पिटमध्ये इंजिन सुरू असताना ‘प्रसरण-अवमंदन’ ओरडून बघा. उष्णतेने पत्रा प्रसरण पावतो हे शाळेत शिकलेला माणूस शॉक तापलाय का ते बघायला जाईल.

शेवटचं वळण
मला याहून मोठा घोटाळा शॉकच्या गुंड्यांच्या ‘लो-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ या नावांत दिसतो. चार गुंड्यांचे शॉक घेतले तेव्हा पहिले काही महिने मी हेच समजत होतो की लो-स्पीडची गुंडी हळू वळणांसाठी आणि हाय-स्पीडची लांब, वेगवान वळणांसाठी. त्या समजावर मी टायरचे दोन संच झिजवले आणि गाडीला दोष देत बसलो. हा वेग गाडीचा नसतोच, शॉकच्या दांड्याचा असतो. गाडी ताशी २०० किलोमीटरने लांब वळणात झुकते तेव्हा दांडा सावकाश सरकतो, सेकंदाला जेमतेम काही सेंटिमीटर. म्हणजे ते लो-स्पीडचं काम. उलट ताशी ६०ने कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, चाक चढलं की दांडा सणकन आत जातो, ते हाय-स्पीडचं.

मराठीत ‘मंदगती’ आणि ‘शीघ्रगती’ लिहिलंत तर हाच घोळ छापला जाईल. वेगाचं नावच नको. ‘सावकाश दबताना’ आणि ‘अचानक दबताना’ कसं वाटतं?

अनुस्वार
सरळ घेतलं! ‘मंदगती दाब’ असं मी लिहून बसले होते.

मूळधातू
‘मापाचे शॉक’ वाचल्यापासून एका शब्दावर कुणी बोलेल म्हणून थांबलो होतो: निलंबन. सस्पेन्शन म्हणजे गाडीला चाकांवर तोलून धरणारी स्प्रिंग, शॉक वगैरेंची सगळी रचना. त्याचं हे भाषांतर बातम्यांत वाचतो तेव्हा कुणाची तरी नोकरी गेलेली असते, म्हणून लोक नाक मुरडतात. पण अर्थ चोख आहे. ‘लम्ब्’ म्हणजे लोंबणे, लंबकातला तोच. जुन्या घोडागाड्यांत बसायचा भाग खरोखरच कातडी पट्ट्यांवर टांगलेला असायचा. ओबाडाया इलियटने १८०४च्या सुमारास लंबगोल पोलादी कमानींचं पेटंट घेतलं, तेव्हापासून गाडी टांगणं कमी होत गेलं आणि ती कमानींवर बसू लागली. टांगणं संपलं तरी इंग्रजीत नाव तेच राहिलं. म्हणजे शब्द वस्तूशी खोटा झाल्याने मरत नाही. या न्यायाने ‘धक्काशोषक’लाही माफी मिळायला हवी.

परिभाषाप्रेमी
एक खोटा शब्द टिकला म्हणून दुसरा मुद्दाम घडवायचा, हा कुठला न्याय?

शेवटचं वळण
मुद्दाम खोटा शब्द घडवल्याचंही उदाहरण आहे, आणि ते शॉकच्या शेजारचंच. केंब्रिजच्या माल्कम स्मिथ यांनी ‘इनर्टर’ नावाचा भाग शोधला. खटका यांनी वर सांगितलं तसं स्प्रिंग किती दबली ते बघते, शॉक किती वेगाने ते बघतो. इनर्टर वेग किती झपाट्याने बदलतो ते बघतो, प्रवेगाला विरोध करतो. फॉर्म्युला वनमधल्या मॅकलारेन संघाने तो २००५च्या स्पॅनिश ग्रांप्रीत गाडीवर बसवला आणि किमी राइकोनेनने ती शर्यत जिंकली. पण बाहेर त्याचा उल्लेख ‘जे-डॅम्पर’ असा व्हायचा. तो डॅम्पर नाही, आणि ‘जे’लाही काही अर्थ नाही. प्रतिस्पर्ध्यांनी भलत्या दिशेने विचार करावा म्हणून नाव तसं ठेवलेलं. एका चुकीच्या नावाने गुपित झाकता येतं, मग पुस्तिकेतल्या चुकीच्या नावाने मदतनीस चकला यात नवल काय!

रूढार्थ
इनर्टरला ‘जडत्वक’ म्हणावं लागेल. आता खटका यांचा ‘जड’ कुठे ठेवायचा?

खटका
पिटमध्येच. आमच्या कुणाच्या गाडीवर इनर्टर नाही.

अनुस्वार, मापाच्या शॉकच्या पुस्तिकेत आतल्या रचनेचा तक्ता असेल. त्यात ‘शिम स्टॅक’ येतो. दट्ट्याच्या दोन्ही तोंडांवर पोलादी पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. तेलाचा जोर आला की त्या वाकतात आणि वाट देतात. कोणत्या जाडीची, कोणत्या व्यासाची चकती कुठे, यावरच शॉकचा सगळा स्वभाव ठरतो. गुंडी त्या स्वभावात थोडा फरक करते, स्वभाव पालटत नाही. गाडीच्या मापाने शॉक करून घ्यायचे म्हणजे मुख्यतः ही रचना आपल्या स्प्रिंगला आणि वजनाला जुळवून घ्यायची. त्याला ‘चकत्यांची चळत’ म्हणा. भाकऱ्यांची असते तशीच.

मूळधातू
चळत! इतका नेमका शब्द परिभाषेच्या यादीत मी तरी पाहिलेला नाही. आणि ‘सेटअप’ला, म्हणजे गाडीची सगळी मापं एकमेकांशी जुळवण्याला, काय म्हणता? मला ‘जुळणी’ कोरडं वाटतं. तंबोरा लावतात तशी गाडी लावायची: एक तार हलवली की दुसरीचा स्वर पुन्हा बघायचा. पुढची उंची दोन मिलिमीटर बदलली की चाकांचा झुकाव बदलतो, कोपऱ्याकोपऱ्यावरचा भार बदलतो. ‘गाडी लावली’ यात ते सगळं येतं.

शेवटचं वळण
‘गाडी लावली’ म्हणजे पार्क केली.

मूळधातू
मान्य. पण ‘लागली’ म्हणा की. तंबोरा लागला, आवाज लागला, गाडी लागली.

रूढार्थ
गाडी लागणं म्हणजे प्रवासात मळमळणं. शॉक फार मोकळे राहिले तर तेही होईल.

परिभाषाप्रेमी
म्हणूनच म्हणतोय, रोजचे शब्द आधीच अर्थांनी भरलेले असतात. नवी वस्तू त्यांच्यात कोंबायची की तिला तिचा स्वतंत्र शब्द द्यायचा, हे ठरवल्याशिवाय ही चर्चा पुढे जाणार नाही. ‘अवमंदक’ मला अजूनही योग्य वाटतो. दट्ट्याही एकेकाळी परकाच वाटला असेल, आणि तो खटका यांनी आत्ताच सहज वापरला.

खटका
हे खरंय. दट्ट्या मीही पिस्टनच म्हणायचो, शाळेतल्या पुस्तकात वाचला होता तो आज बोटांवर आला. पण ‘अवमंदक’ येईल असं वाटत नाही. त्यात कुठे जोर द्यायचा तेच जिभेला कळत नाही.

अनुस्वार
आज पाच पानं पुन्हा लिहिली. सगळीकडे ‘शॉक’ ठेवलंय. पहिल्या पानावर एकदाच सांगितलंय की तो धक्का शोषत नाही, डोलणं आवरतो. पुढे ‘दबताना जड’, ‘सुटताना जड’. मदतनिसाला वाचायला दिलं, त्याने न विचारता बरोबर बाजूला गुंडी फिरवून दाखवली. ‘सेटअप’ सध्या तसंच आहे, परिभाषाप्रेमींची त्याबद्दल क्षमा मागते.

आता सहाव्या पानावर ‘प्रीलोड’ आलाय. स्प्रिंग शॉकवर बसवताना खालची चकरी फिरवून ती आधीच थोडी दाबून ठेवतात, ते. मी ‘पूर्वभार’ लिहिलं. मदतनीस म्हणतो, भार वाढवला म्हणजे स्प्रिंग कडक झाली. भाचा म्हणतो, अजिबात नाही. हा शब्दाचा दोष आहे का?

खटका
भाचा बरोबर आहे. एकसारख्या वेढ्यांची साधी स्प्रिंग असेल तर मिलिमीटरमागे लागणारा जोर तेवढाच राहतो. चकरी फिरवली की गाडी वर उचलली जाते, बस. ‘भार’ काढा. आम्ही ‘चकरी चढवली’ म्हणतो.

परिभाषाप्रेमी
चकरी चढवली हे कृतीचं नाव झालं. आधी दिलेल्या दाबाचं नाव काय?

मूळधातू
‘आगाऊ दाब’ चालेल? उचल आगाऊ घेतात, तसा.

रूढार्थ
मदतनिसाला विचारा, ‘आगाऊ’ वाचून त्याच्या मनात पहिल्यांदा काय येतं.