मदत हवी आहे : दूध तोडलेली सशाची पिल्ले हिरव्या चाऱ्यावर दगावत आहेत

माणदेशकर
नमस्कार. मी मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे ससे पाळतो. बाजारचे गोळीखाद्य न देता निव्वळ चाऱ्यावर ससे वाढवायचे, हे ठरवूनच मी या धंद्यात उतरलो आणि उन्हाळाभर सर्व सुरळीत चालले होते. आता मात्र दूध तोडलेली पिल्ले एकामागून एक मरत आहेत. संध्याकाळी चांगले खाणारे पिल्लू सकाळी पोट फुगून कोपऱ्यात बसलेले आढळते, करकर दात खाते आणि दुपारपर्यंत जाते. मोठ्या नर-माद्यांना काहीही झालेले नाही आणि चारा तर सर्वांना एकच आहे. नेमके औषध सांगावे. "गोळीखाद्य सुरू करा" हा सल्ला कृपया देऊ नये, तो ऐकून झाला आहे.

बांधावरचा
चारा म्हणजे नेमके काय? पिल्ले किती दिवसांची असताना आईपासून तोडता? लेंड्या कशा पडत आहेत? एवढे कळल्याशिवाय औषध कोण सांगणार?

खुराडेवाला
माझ्या कोंबड्यांना हगवण लागली की मी पाण्यातून अमॉक्सिसिलिन देतो आणि दोन दिवसांत फरक पडतो. सशांनाही द्यायला हरकत नसावी.

निवृत्त पशुवैद्य
हरकत आहे, आणि मोठी आहे. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा लिंकोमायसिन सशाच्या पोटात गेले, तर अंधनालातील (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतील) उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात आणि धडधाकट ससाही त्याच हगवणीने मरतो. कोंबडीचे औषध सशाला लागू पडत नाही. माणदेशकर, बांधावरचा यांच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

माणदेशकर
मी औषध विचारले आणि माझीच उलटतपासणी सुरू झाली. असो. चाऱ्यात बांधावरचे गवत, केना, दगडीपाला आणि लसूणघास असतो. पाऊस लागल्यापासून हिरवे मुबलक आहे, त्यामुळे वाळलेले गवत आणि कडबा बंद केला. पिल्ले महिन्याची झाली की वेगळी काढून खाली कोंडीत सोडतो, कारण जाळीचे पिंजरे माद्यांना लागतात. लेंड्या पातळ आहेत आणि काहींवर शेंबडासारखा चिकट थर दिसतो.

पेलेटप्रेमी
राग मानू नये, पण हे सर्व गोळीखाद्याने टळले असते. खुराकावर ससा बारा आठवड्यांच्या आसपास दोन किलोला येतो, चाऱ्यावर त्याला कितीतरी अधिक वेळ लागतो. वेळ हाही खर्चच आहे.

शेवग्याची शेंग
वेळ लागतो हे मान्य, पण खुराकाचे बिलही नसते. प्रथिने हवी असतील तर शेवग्याचा पाला, हादगा, शेवरी यांसारखे पर्याय आहेत. माझे ससे सुबाभळीवर उत्तम वाढले आहेत. माणदेशकरांनी सुबाभूळ सुरू करावी.

बांधावरचा
सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, ती जास्त झाली की सशांचे केस गळतात. शिवाय येथे प्रथिने कमी पडल्याची तक्रार नाही. आधीच लसूणघास खाऊन फुगलेल्या पिल्लांना आणखी द्विदल पाला कशाला?

कायदेपंडित
सशांच्या बाबतीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही पाहावा.

बांधावरचा
तो रानातल्या सशासाठी आहे. पिंजऱ्यातला न्यूझीलंड व्हाइट हा वेगळाच प्राणी आहे. पुन्हा विषयावर येऊ.

निवृत्त पशुवैद्य
आता चित्र बरेच स्पष्ट झाले. पावसाच्या पहिल्या कोवळ्या गवतात आणि केन्यात बहुतांश पाणीच असते, तंतू फार थोडा. सशाच्या आतड्यातील अन्न लांब, भरड तंतूच्या रेट्यावर पुढे सरकते. तो रेटा नसला की खाल्लेले अंधनालात साचते, तेथे आंबते आणि वायू धरतो. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे फुगलेले पोट त्याच्या जिवावर उठते. मोठ्या सशांच्या पोटातील जिवाणूंची घडी बसलेली असते, म्हणून तोच चारा ते पचवतात. नुकत्याच दूध तुटलेल्या पिल्लात ती घडी अजून बसायची असते.

दुसरी शंका कॉक्सिडियाची, म्हणजे आतड्यात आणि यकृतात वाढणाऱ्या परजीवी जंतूंची आहे. मोठे ससे लक्षणे न दाखवता हे जंतू बाळगतात आणि त्यांची अंडी लेंड्यांतून बाहेर टाकतात. पावसाळी दमट हवेत ती अंडी दोन-तीन दिवसांत लागण करण्याजोगी होतात, आणि कोंडीत चारा जमिनीवर पडतो तेथेच पिल्ले हगतात. ताज्या लेंड्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्याव्यात. नुकतेच मेलेले पिल्लूही न्यावे; यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर निदान सोपे होते. कॉक्सिडियावरचे सल्फा औषध द्यायचे की नाही आणि किती, हे तेथील डॉक्टर वजन पाहून ठरवतील.

माणदेशकर
म्हणजे हिरवे बंदच करायचे का? मग निसर्गाच्या चाऱ्यावर वाढवणे ते काय राहिले?

निवृत्त पशुवैद्य
वाळलेले गवतही चाराच आहे. आजारी पिल्ले वेगळी काढून त्यांना फक्त वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी द्यावे. उरलेल्या पिल्लांपुढे वाळलेले गवत अहोरात्र असावे. हिरवे मूठभरापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावे. लसूणघास तूर्त थांबवावा. कापलेले हिरवे सावलीत पसरून सुकवावे, कारण ढिगात गरम झालेला चारा सर्वांत घातक असतो. पिल्ले जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात घ्यावीत, चारा गव्हाणीत टांगावा आणि खालची घाण रोज काढावी.

कोकणस्थ चारावाला
आमच्याकडे पावसात वाळलेले काही मिळतच नाही, म्हणून मी उन्हाळ्यातच गवताच्या पेंढ्या माळ्यावर चढवून ठेवतो. मात्र बुरशी धरलेली पेंढी सशाला अजिबात देऊ नये. घाणेरी आणि रुई गवतात मिसळून येतात, तीही वेचून टाकावीत.

माणदेशकर
कडबा शिल्लक आहे, पण तो जाड आहे, पिल्ले तोंड लावत नाहीत. बांधावरच्या ज्वारीचे कोवळे फुटवे कापून त्यात मिसळले तर चालेल का?

निवृत्त पशुवैद्य
मुळीच नको. कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, तिने मोठी जनावरेही दगावतात. कडब्याचा पाला ओरबाडून तेवढाच पिल्लांना द्यावा आणि धाटे माद्यांच्या पिंजऱ्यात टाकावीत, त्या ती कुरतडतात. लेंड्यांचा अहवाल आला की येथेच लिहावे.