रस्ते बंद, सण घरात: पाऊस-बर्फातल्या सणांचे अनुभव सांगा

ठाण्यात बर्फ पडत नाही. घराचा उंबरठा ओलांडू न देणारं आपल्याकडचं हवामान म्हणजे पाऊस, आणि तो बरेचदा नेमका गौरी-गणपतीत गाठतो. 29 ऑगस्ट 2017 चा मंगळवार आठवून पाहा. गौरी आवाहनाचा दिवस, शिवाय पाच दिवसांच्या गणपतींचं विसर्जन. सांताक्रूझला चोवीस तासांत 331 मिलिमीटर पाऊस झाला, शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी चढलं आणि मध्य रेल्वे ठप्प झाली. सकाळी कामाला गेलेली ठाणे-कळवा-डोंबिवलीची कितीतरी माणसं गौर घरात घ्यायच्या वेळी मुंबईतच अडकली होती.

आता आपल्यातल्या अनेकांची मुलं बर्फाच्या देशांत राहतात, आईवडील थंडीत तिकडे जातात. नाताळच्या सुट्टीत मनाली-काश्मीरला तर प्रत्येक सोसायटीतून कोणी ना कोणी जातंच. त्यामुळे बर्फात अडकलेला सणही आता आपल्या घरचा विषय झाला आहे.

लोकल कुठे थांबली, लोक किती चालले, हे तेव्हा भरपूर छापून आलं. मला त्या दिवशीचं घर हवं आहे. ठरलेल्या माणसांशिवाय, ठरलेल्या सामानाशिवाय सण कसा केलात? काय सोडून दिलंत आणि काय काही झालं तरी सोडलं नाहीत? माझं मत आधीच सांगते: अशा दिवशी मान कोणाचा हे नात्यावर ठरत नाही, दाराशी कोण आहे त्यावर ठरतं. पटत नसेल तर तसंही लिहा.

खारेगाव, कळवा

आमच्याकडे तेरड्याची गौर. दर वर्षी दोन्ही नणंदा येतात आणि गौर आणायचा मान मोठीचा. 2017 ला मोठी परळला कामावर अडकली, धाकटी डोंबिवलीहून निघालीच नाही, आमचे हे कुर्ल्याला. घरात मी, सासूबाई आणि दोन मुलगे. तेरडा आदल्याच दिवशी पारसिकच्या डोंगराच्या उतारावरून आणून ठेवला होता, तेवढं बरं झालं.

वरच्या मजल्यावर तेव्हा एक मुलगी भाड्याने राहायची. अकोल्याकडची, नुकतंच लग्न झालेली. तिच्याकडे मुखवट्यांच्या महालक्ष्म्या, पण रजा मिळाली नाही म्हणून गावी गेली नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "तिला खाली बोलव. आज तीच माझी लेक." मी जरा थबकले, कारण मोठ्या नणंदेला काय वाटेल हा विचार मनात होताच. फोन लागला तेव्हा तीच म्हणाली, "वहिनी, वाट बघू नका, दिवेलागण टळेल."

अंगणात पाणी होतं, म्हणून गौर जिन्याच्या पहिल्या पायरीपासून वर आणली. सासूबाईंनी विचारलं, गौर कशाच्या पावलांनी आली? त्या मुलीने तिच्या आईकडची उत्तरं दिली, आमच्याहून वेगळी. सासूबाई प्रत्येक उत्तराला "ये गं बाई, ये" म्हणत राहिल्या. मग तिला स्वयंपाकघर, कपाट, धान्याचे डबे सगळं दाखवलं. नैवेद्याला तांदळाची भाकरी आणि पालेभाजी. आवाहनाला तेवढंच लागतं, त्यामुळे सामानाचं काही अडलं नाही. ती आता नागपूरला असते, गौरीच्या दिवशी तिचा फोन येतो.

नौपाडा, ठाणे

खड्याच्या गौरी. खडे पाणवठ्यावरून आणायचे, आणणारीने तोंडातून शब्द काढायचा नाही. आमची लेक दर वर्षी आईबरोबर तलावपाळीला जाते. त्या दिवशी आई फोर्टच्या ऑफिसात अडकली होती आणि एवढ्या पावसात मुलीला तलावावर न्यायची माझी तयारी नव्हती. आमच्या जुन्या इमारतीच्या मागे विहीर आहे. तिच्या कठड्यापाशी आदल्या दिवशी पाच खडे धुऊन ठेवले होते, तिथून ती घेऊन आली. मी छत्री धरून शेजारून चाललो. तिने मौन पाळलं, मला मात्र वाटेतल्या प्रत्येकाला "नंतर बोलू" म्हणावं लागलं. माझ्या वडिलांनी पाटावर रांगोळी काढली, आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको घरी पोचली, तोवर घाटलं तयार होतं. घावन तिनेच घातले, ते आम्हा दोघांनाही जमण्यातले नव्हते.

चरई, ठाणे

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळ मराठी ख्रिस्ती. 2022 चा नाताळ मी लेकीकडे केला, अमेरिकेत बफेलोच्या बाहेर अ‍ॅमहर्स्टला. तसं वादळ तिकडच्या कित्येक लोकांनीही कधी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी, 23 डिसेंबरला सकाळीच गाड्या चालवायला बंदी आली. ईरी सरोवर तेव्हा गोठलेलं नव्हतं. त्या उघड्या पाण्यावरून गारठलेलं वारं येतं, वाफ उचलतं आणि बफेलोवर आणून ओततं. बर्फाचं तांडव सलग 37 तास चाललं. विमानतळावर चार फुटांच्या वर बर्फ मोजला गेला. त्या भागात खूप माणसं गेली, कोणी गाडीत, कोणी घरात. म्हणून मी आनंदाचं लिहिते तेव्हा ते डोक्यात असतंच.

आमची वीज संध्याकाळी गेली. घर तापवायला गॅस असला तरी उष्ण हवा ढकलणारा पंखा विजेवर चालतो, त्यामुळे घर लगेच गार पडायला लागलं. जावयाने नळ बारीक धारेवर सोडले, पाइप गोठू नयेत म्हणून. सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवली. गॅसची शेगडी काडीने पेटत होती, पण ऊब घ्यायला ती पेटवून ठेवायची नाही हे त्याने आम्हाला परत परत बजावलं, विषारी वायूने माणूस झोपेतच जातो. तेव्हा स्वयंपाकापुरती शेगडी, आणि एका खोलीत सगळ्या रजया, सगळी माणसं.

माझ्या बॅगेत बाटलीचा मसाला होता, आईच्या हाताचा. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, कांडून काळ्या-तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात तो. मार्झिपान आणि मिल्क क्रीम ही नाताळची मिठाई ठाण्याहूनच नेली होती. पण नाताळच्या दिवशी घरात फुगे, म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, नाहीत हे मला चालणार नव्हतं. पीठ रात्रीच भिजवलं होतं आणि थंडीत ते फुगेना. लेक म्हणाली, "मम्मी, सोड ना या वर्षी." मी पातेलं टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्या रजईत घेऊन बसले. नातीने दुसऱ्या बाजूने मिठी मारली. दुपारपर्यंत पीठ दुप्पट झालं.

शेजारी एक म्हातारं पोलिश जोडपं राहतं. त्यांच्याकडेही वीज नव्हती. जावई आणि समोरचा मुलगा कमरेला दोरी बांधून गेले आणि दोघांना घेऊन आले. त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी पहिला तारा दिसल्यावर जेवायला बसतात आणि एक पान जास्तीचं मांडतात, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. त्या आजींनी खिशातून पातळ पापडासारखी एक पोळी काढली. ती प्रत्येकाने मोडून दुसऱ्याला द्यायची आणि शुभेच्छा द्यायच्या. त्या रात्री तारा कुठला दिसणार! नातीने टॉर्च छताला लावला आणि आजींनी ते मान्य केलं. आम्ही फुगे आणि मटण वाढलं, त्यांनी खारवलेली मासळी.

मिडनाइट मासला, म्हणजे चर्चमधल्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला, जाणं शक्य नव्हतं. माझे मिस्टर ठाण्यात तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये होते. वेळेत साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे त्यांची मास संपली तेव्हा आमच्याकडे 24 तारखेची दुपार होती. फोनची बॅटरी राखून ठेवली होती, ती त्या एका फोनसाठी. त्यांनी चर्चबाहेरचा गोंगाट ऐकवला. रात्री मेणबत्तीवर आम्ही मराठीत जपमाळ म्हटली, त्या दोघांनी पोलिशमध्ये. कपडे मात्र नवे घातलेच. स्वेटरवर स्वेटर, त्याच्या खाली लाल साडी.

वरच्या अनुभवाखाली, धागा काढणारी

टॉर्चचा तारा वाचून मी बराच वेळ थांबले. ताई, फुग्यांची कृती द्याल का? आणखी दोघींनी विचारलं आहे.

मूळ ऐरोलीची, आता न्यू जर्सी

माझं छोटंसं. 23 जानेवारी 2016, शनिवार, एडिसनला संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलेलं, आणि त्याच दिवशी मोठं वादळ. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात 27.5 इंच बर्फ पडला, आमच्याकडेही दार उघडत नव्हतं. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं आणि ती त्या वर्षी 14 फेब्रुवारीला होती, म्हणून काळजी नव्हती. पुढे ढकललं. पण सासूबाई ऐरोलीहून म्हणाल्या, "वाण लुटायचं ठरवलेल्या दिवशी एका तरी बाईला दे." बाजूची कोरियन शेजारीण फावडं घेऊन आमची पायवाट मोकळी करत होती. तिला आत बोलावून कुंकू लावलं, तिळगूळ दिला, स्टीलची वाटी दिली. ती वाटी आजही तिच्या खिडकीत दिसते.

कोपरखैरणे

डिसेंबर 2024, मनाली. 23 तारखेला एवढा बर्फ पडला की सोलंग ते अटल बोगदा शेकडो गाड्या अडकल्या. आम्ही खाली वशिष्ठ गावात एका घरगुती होमस्टेमध्ये होतो. रस्ता निसरडा, आमचा निघायचा बेत पुढे गेला आणि 26 डिसेंबर तिथेच उजाडला. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, उद्यापन. माझ्या आईने लग्नापासून हे व्रत मोडलेलं नाही.

कलशाला तांब्या घरमालकिणीने दिला. नारळ आणि सुपारी देवळाजवळच्या दुकानात मिळाली, विड्याची पानं नाहीत. पाच झाडांचे डहाळे हवे असतात. देवदार आणि सफरचंदाची उघडी फांदी मिळाली, बाकी सगळं बर्फाखाली. आई म्हणाली, पाच जागी दोन चालतील, पण कहाणी पूर्ण वाचायची. मोबाइलवर वाचली. घरमालकीण, तिची सून आणि दोन शेजारणी तिकडचा लोकरी पट्टू नेसून आल्या. ऊब देणाऱ्या लोखंडी तंदूरभोवती सगळ्या बसल्या, प्रत्येकीला फळ आणि दक्षिणा दिली. कहाणीतला एक शब्द त्यांना कळला नाही, पण शेवटी हात जोडायच्या वेळी बरोबर जोडले. त्यांनी आईची ओटी अक्रोडांनी भरली. आईला ते इतकं आवडलं की आता घरच्या उद्यापनातही ती अक्रोड ठेवते.

धागा काढणारीचं मत मला पूर्ण पटत नाही. आमच्या घरच्या बायकांची जागा कोणी घेतली असं आम्हाला वाटलं नाही, ती रिकामीच राहिली. जास्तीच्या चार बायका आल्या एवढंच.

ऐरोली

29 ऑगस्ट 2017. आमचा गणपती पाच दिवसांचा, विसर्जन दिवा गावच्या तलावावर. मोठ्या काकांनी सकाळीच ठरवलं की मूर्ती हलवायची नाही. गुरुजींना फोन केला, ते म्हणाले, गौरींबरोबर सातव्या दिवशी करा. मग 31 तारखेला केलं. दोन दिवस जास्तीचे मिळाले म्हणून घरातली पोरं नाचत होती. मोदकांचं पीठ संपलेलं, म्हणून नैवेद्याला गूळ-खोबरं.

वागळे इस्टेट

बाबा तेव्हा टीएमटीत, म्हणजे ठाणे पालिकेच्या बससेवेत, चालक. अशा दिवशी त्यांची ड्यूटी संपतच नाही, कारण रेल्वे बंद पडली की लोक बसच्या मागे धावतात. आमच्याकडे आरतीला बाबा लागतात, बाकी कोणाच्या हातात ताम्हण जात नाही. रात्री साडेबारापर्यंत आरती थांबवली. आजीला हे पटलं नव्हतं, वेळ टळली म्हणून ती रागावली होती. पण आईने ऐकलं नाही. दिवसभर लोकांना घरी पोचवणाऱ्या माणसाच्या वाटणीची आरती त्याच्याशिवाय उरकायची नाही, एवढंच ती म्हणाली. आमच्या घरी मान नात्याचाच राहिला. मला आईचंच बरोबर वाटतं.

चरई, ठाणे

फुग्यांची कृती विचारली आहे. अर्धा किलो मैदा, दोन अंडी, एका नारळाचं दाट कोमट दूध, दोन चमचे साखर, मीठ, थोडं तूप. आमच्या आज्या ताडीने पीठ आंबवायच्या. आता सपाट चमचाभर कोरडं यीस्ट कोमट पाण्यात साखरेबरोबर फेसाळू द्या आणि मग घाला. पीठ लाटण्यासारखं घट्ट नको, हाताला चिकटेल इतकं सैल. तळहाताने निदान पंधरा मिनिटं फेटा, इथे घाई करू नका. ठाण्यात दोन तासांत फुगतं. थंडीत असाल तर जाड पातेलं, वर ओला फडका, आणि रजईत ठेवा. तळताना ओल्या मुठीत पीठ घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळी वर दाबायची, दुसऱ्या हाताने उचलून मध्यम गरम तेलात सोडायची. झाऱ्याने वरून तेल उडवत राहा, म्हणजे ते आपोआप गोल होतात.