९ होलचा गोल्फ कोर्स, १२ माणसं, सकाळच्या कामाची घडी कशी बसवायची?

ग्रीनकीपर_नाशिक: नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात कोर्सचा सुपरवायझर झालो, आधी ६ वर्षं इथेच मोवर (गवत कापायचं मशीन) चालवत होतो. ग्रीन (भोकाभोवतीचं बारीक कापलेलं गवत) कापायला हाताने चालवायच्या २ रील मोवर (रील म्हणजे फिरत्या पात्यांचा रोल) आहेत, एक १ नंबरपासून सुरू होते आणि दुसरी ५ पासून. हजेरी, कामवाटप होऊन मशीन निघेपर्यंत ६ वाजतात, साडेसहाला खेळणाऱ्यांचा पहिला ग्रुप निघतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या ग्रीनवरच आमच्या माणसाला गाठतो. मग तो मशीन बंद करून बाजूला उभा, मेंबर नाराज, बंकर (वाळूचे खड्डे) राहतात ते वेगळंच. माणसं मेहनती आहेत हो, चूक माझ्याच नियोजनात आहे. काय बदलू?

जुना_मुकादम: भाऊ, ५ पासून सुरू करणं आधी बंद करा. एका ग्रीनला ३५ मिनिटं धरा. पहिला माणूस एकटा १ ते ४ करत बसला तर मागून येणारे त्याला गाठणारच, कारण त्यांना एका होलला १५ मिनिटं पुरतात. एकाला १, ३, ५, ७, ९ द्या, दुसऱ्याला २, ४, ६, ८, आणि साडेपाचला मशीन ग्रीनवर पाहिजे. मग साडेसहापर्यंत ३-४ ग्रीन होत आलेले असतात आणि शेवटपर्यंत तुम्हीच पुढे राहता. हिवाळ्यात अंधार असतो, मशीनला एलईडी लाईट लावून घ्या. आणि कामवाटप सकाळी करूच नका, आदल्या संध्याकाळी शेडमधल्या पाटीवर नाव, काम, मशीन लिहून ठेवायचं, आज कोणत्या दिशेने कापायचं तेसुद्धा, रोज त्याच दिशेने कापलं की गवत एका अंगाला झोपतं.

कपवाला: मोवरच्या मागोमाग कप (बॉल पडायचं भोक) बदलून नव्या जागी करणारा माणूस ठेवा आणि शक्यतो रोज तोच. जुन्या भोकात बसवलेला गवताचा गोळा बोटभर जरी वर राहिला ना, दुसऱ्या दिवशी रील तो मुळापर्यंत सोलून काढते, तिथे मातीचा गोल डाग पडतो आणि महिनाभर डोळ्यात खुपतो. मी गोळा बसवला की पायाने दाबतो, वरून तळहात फिरवून बघतो, काठाला लागलं की परत काढून खालची माती खरवडतो. नंतर बाटलीभर पाणी. यात २ मिनिटं जास्त जातात पण ती जाऊ द्या.

शेडमधला_मेकॅनिक: मशीनचं सगळं आदल्या दुपारीच उरका दादा. धुणं, ग्रीस, पेट्रोल भरणं शेडमध्येच, ग्रीनवर पेट्रोल सांडलं की गवत जळालंच समजा. रीलची धार बघायला कागदाची पट्टी घालून रील हाताने फिरवा (हातमोजे घालून), डावीकडे, मध्ये, उजवीकडे तिन्हीकडे स्वच्छ कापली पाहिजे. एका बाजूला कागद नुसता दुमडला तर सकाळी गवत कापलं जाणार नाही, ओढलं जाईल, आणि दुपारी टोकं पांढरी दिसतील.

खुरपणी_गट: आम्ही ५ जणी बंकर आणि खुरपणी बघतो. खुरपणीला बसवताना तोंड टीकडे (जिथून बॉल मारतात तिकडे) करून बसवा, पाठ करून बसलं की बॉल येताना दिसत नाही. माझ्या जावेला खांद्याला लागला होता, १५ दिवस हात वर होत नव्हता. आणि पाटीवर पावसाचं वेगळं काम लिहा, रात्री जोराचा पाऊस झाला की बंकरची वाळू खाली वाहून येते, ती वर ओढायलाच अर्धा दिवस जातो, त्या दिवशी खुरपणी धरू नका.

ग्रीनकीपर_नाशिक: मुकादम काका, सम-विषमचं डोक्यातच आलं नव्हतं, पाटी आजच टांगतो. ताई, तोंड टीकडे हे उद्यापासूनच, बाकी काही बदलो न बदलो. फक्त एक, साडेपाचला यायचं तर लांबच्या २ जणांना बस नाही, त्यांना कप आणि बंकर देऊन साडेसहाला बोलावलं तर चालेल का?

जुना_मुकादम: बंकर चालेल. कपला जवळचाच माणूस ठेवा, पहिला ग्रुप पावणेसातला १ नंबरच्या ग्रीनवर असतो.