हसन अमीरचा मित्र होता की नोकर?

खडूस वाचक
काल इथे खालिद होसैनींच्या ‘द काइट रनर’ या काबूलच्या कादंबरीवर कुणीतरी लिहिलं, ‘मैत्रीची अजरामर गाथा, शेवटी अमीरचं पापक्षालन, उशी भिजली.’ उशी वाळत घाला आणि पुस्तक पुन्हा उघडा. हसनला आपण कधी मित्र मानलंच नाही, हे अमीर स्वतःच सांगतो. एक शाळेत जाणार, दुसरा त्याचे कपडे इस्त्री करून नाश्ता मांडणार. याला मैत्री म्हणायचं?

१९७५ च्या हिवाळ्यातली ती गल्ली सगळ्यांना आठवते. पतंगांची स्पर्धा जिंकल्यावर तिथे आसेफने हसनवर बलात्कार केला आणि अमीर लपून बघत राहिला. घड्याळाबद्दल कुणी बोलत नाही. गल्लीत पोरगं घाबरलं, समजू शकतो. पण वाढदिवसाचं घड्याळ आणि नोटांची चळत हसनच्या गादीखाली सरकवणं, चोरीचा आळ यावा म्हणून, हे थंड डोक्याने केलेलं काम आहे. पुढे पेशावरमध्ये बाबांचा मित्र रहीम खान हसनच्या मुलाला, सोहराबला, काबूलहून आणायला सांगतो, तेव्हा अमीरसाहेब म्हणतात, पैसे देतो, दुसऱ्या कुणाला पाठवा. हसन बाबांचाच, म्हणजे अमीरच्या वडिलांचाच मुलगा होता हे कळल्यावर पाय हलले. मित्रासाठी कुठे गेला, रक्तासाठी गेला.

वाचनवेडी
घड्याळाचं मान्य. रक्ताचं अर्धवट. ते कळल्यावर तो तडक काबूलला निघत नाही. रहीम खानवर भडकून बाहेर पडतो, चहाच्या दुकानात बसतो, मग ठरवतो. आणि ‘मित्र मानलं नाही’ हे अडतीस वर्षांचा अमीर लिहितोय, स्वतःवरचं आरोपपत्र म्हणून. तुम्ही त्याचाच कबुलीजबाब त्याच्या तोंडावर मारताय. मैत्री एकतर्फी असेल, पण होती. हसनने त्याच्या पतंगासाठी बोटं कापून घेतली.

ओ काट
बोटं हसनची नाही, अमीरची कापली! फिरकी धरणाऱ्याला काय होतं? मांजा सरकतो उडवणाऱ्याच्या बोटांतून. अमीर क्षणभर दोर हसनकडे देतो, तर्जनीचं रक्त चोखतो, पँटला पुसतो. नीट वाचा.

पण फिरकीवाला म्हणजे हमाल नव्हे. ढिलीची, म्हणजे दोर सोडत केलेली काटाकाटी असेल तर फिरकी मोकळी फिरायला हवी. ती अडकली की आपला मांजा एका जागी थांबतो, समोरचा त्याच ठिकाणी घासत राहतो आणि आपली गुल. म्हणून ढिलीत निम्मी काटाकाटी फिरकीवाल्याची.

काबूलचा ‘तार’, म्हणजे तिथला मांजाही आपल्यासारखाच सुततात, काचेची पूड आणि डिंक, मग झाडांना बांधून वाळवायचा. पूड वस्त्रगाळ नसेल तर आपलाच दोरा खाते. सरस जास्त झाला तर मांजा कडक होतो आणि गाठीपाशी तुटतो. ओला गुंडाळला तर फिरकीवर चिकटून बसतो, मग ढील विसरा.

सद्दीवाला
वस्त्रगाळ पूड ढिलीला. खेचायला थोडी खरबरीतच लागते, नाहीतर नुसतं घासत बसाल. सरसाऐवजी साबुदाण्याची खळ घ्या, मांजा मऊ राहतो. आणि पतंग ‘ती’ असते. ‘कटली’ ओरडतात, ‘कटला’ नाही.

वाचनवेडी
शब्दकोशात पुल्लिंगी आहे. आणि आता कुणी नायलॉन मांज्याचा विषय काढला तर मी धागा सोडतेय.

सद्दीवाला
काढतोच. २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी संक्रांतीला मिळतो. सुती मांजा ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, म्हणून गळे चिरतात.

खडूस वाचक
इथे हसनच्या हजारा जमातीचा, अफगाणिस्तानातल्या दडपलेल्या लोकांचा विषय चाललाय, तुम्ही खळ शिजवताय. तरी आभार. निम्मी काटाकाटी हसनची, आणि बाबांची मिठी एकट्या अमीरला. माझाच मुद्दा झाला.

जुना कट्टा
हजारा जमातीचा विषय चाललाय म्हणे! १९९८ मध्ये मजार-ए-शरीफला तालिबानने हजारा लोकांची कत्तल केली, ती कादंबरीत जाता जाता उरकलीय. होसैनी १९७६ मध्येच पॅरिसला गेले, १९८० मध्ये अमेरिकेत आश्रय मिळाला. युद्ध ऐकीव आहे आणि ते जाणवतं. खलनायक तोच लहानपणचा आसेफ निघतो, हा तर निव्वळ हिंदी सिनेमा.

वाचनवेडी
आसेफचं मान्य, नाइलाजाने. पण अमीरही काबूलमध्ये पाहुणाच आहे. त्याला काबूलला नेणारा ड्रायव्हर फरीद तोंडावर सांगतो, तू इथे कायमच पर्यटक होतास. ऐकीवपणा कादंबरीच्या पोटातच आहे. पापक्षालनावर मात्र खडूसरावांशी निम्मी सहमत. अनाथाश्रमात पाठवणार नाही असं सोहराबला वचन देतो, आणि इस्लामाबादमध्ये दत्तकाची कागदपत्रं अडकल्यावर तोच अनाथाश्रमाचं नाव काढतो. पोराने न्हाणीघरात मनगटं कापली. गल्ली, घड्याळ आणि आता हा तिसरा गुन्हा. ‘पापक्षालन’ हा शब्द उशीवाल्यांचा, माझा नाही.

खडूस वाचक
अखेर! निम्मी का होईना.

ओ काट
शेवटची काटाकाटी कुणीच बघितली नाही का? अमेरिकेत फ्रीमाँटचं उद्यान, मार्च २००२, समोर हिरवा पतंग. अमीर हसनचाच डाव टाकतो. हिरवा वरून झेपावला की झटक्याने अर्धं वर्तुळ घेऊन त्याच्या वर जायचं, मग खाली सोडून घासायचं. दोर अमीरच्या हातात. फिरकी सोहराबच्या, व्रणांच्या मनगटांसकट.

खडूस वाचक
म्हणजे फिरकी अजून हजारा पोराकडेच.

वाचनवेडी
आणि कापलेल्या पतंगामागे धावतं कोण? अमीर.

सद्दीवाला
कापलेल्या पतंगीमागे.